तेच बी, तोच वाण?

भीमा नदी शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून वाहते. शिरूरच्या काठावर वडगाव रासाई आहे. आज या पट्ट्यात नजर जाईल तिथं ऊस दिसतो. पण भीमेचं खोरं मुळात रब्बी ज्वारीचं, म्हणजे शाळूचं. शाळूचं बी पूर्वी घरचंच असे. मळणीआधी टपोरी कणसं बाजूला काढायची, राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून बी जपायचं आणि पुढच्या साली पेरायचं. रान उसाकडे गेलं की ही साखळी तुटते. काही वर्षांत घरातलं बी उगवेनासं होतं आणि एक वाण गाजावाजा न होता संपतो.

असे वाण सांभाळण्यासाठी जनुकपेढ्या आहेत. नवी दिल्लीत राष्ट्रीय जनुकपेढी आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला ‘इक्रिसॅट’कडे ज्वारीचेच चाळीस हजारांच्या आसपास नमुने आहेत. बी सुकवून त्यातला ओलावा ३ ते ७ टक्क्यांवर आणतात, हवाबंद पाकिटात भरतात आणि उणे १८ अंशांना ठेवतात. अशा थंडीत बी कित्येक दशकं जगतं.

पण बी जगणं आणि वाण टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावठी वाण एकजिनसी नसतो. त्यातलं एखादं ताट लवकर पोटरीत येतं, एखादं खोडमाशीला दाद देत नाही. मोहोळला स्थानिक मालदांडीतून ‘एम ३५-१’ हा नामांकित वाण निवडता आला, तो या सरमिसळीमुळेच. जपायची असते ती ही सरमिसळ.

थंडीतही बी हळूहळू म्हातारं होतं. त्याची उगवण सुरुवातीच्या ८५ टक्क्यांखाली गेली की ते पेरून नवं बी घ्यावं लागतं. खरा धोका इथं आहे. समजा, वाणातल्या वीस ताटांपैकी एकात अवर्षण सोसणारा गुण आहे. नव्या बियाण्यासाठी दहाच ताटं घेतली, तर तो गुण एकाही ताटात नसण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. शंभर ताटं घेतली, तर ती एका टक्क्याच्याही खाली येते. म्हणजे जागा वाचवण्यासाठी वाफा लहान केला, की वाणातला एखादा गुण कायमचा गळू शकतो.

दुसरा धोका वाऱ्याचा. ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळते, तरी शेजारच्या वाणाचा पराग थोडाफार येतोच. म्हणून फुलोऱ्याआधी कणसाला कागदी पिशवी घालतात. बाजरीचं तसं नाही. तिची फळधारणाच मुख्यतः परक्या परागावर होते, त्यामुळे एकाच वाणाच्या अनेक ताटांचा आपसात संकर होईल अशी तजवीज करावी लागते. तिसरा धोका हवामानाचा. परक्या मातीत वाढवलं, तर तिथं तग धरणारी ताटंच जास्त बी देतात आणि वाण नकळत तिकडचा होतो. चौथा धोका अगदी साधा: चिठ्ठीची अदलाबदल.

या सगळ्यांत पाकिटावरचं नाव तेच राहतं, आतलं बी मात्र बदललेलं असतं. मेलेलं बी निदान उगवण चाचणीत कळतं; बदललेलं बी जोमानं उगवतं आणि फसवतं. म्हणून चांगली पेढी बी शक्य तितकं कमी वेळा पेरते, पेरलं की भरपूर ताटं घेते आणि जुन्या नोंदींशी कणीस, दाणा, फुलोऱ्याचे दिवस ताडून पाहते.

शेतातलं बी मात्र बदलायलाच हवं. दर साली पाऊस आणि कीड त्याला घडवतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेलं बी असं पेरत्या हातांतलं आहे. त्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. शेत वाणाला पुढे नेतं, पेढी त्याची मूळ प्रत राखते. उद्या भीमाकाठच्या कुणी पाणी कमी पडलं म्हणून आजोबांचा शाळू मागितला, तर पेढीनं त्याच्या हाती ठेवलेलं बी नावानंच नव्हे, गुणांनीही तेच असायला हवं.