म्हाताऱ्या कुत्र्याची दाढ

कुत्र्याला ४२ दात असतात. माणसापेक्षा १० जास्त. तरीही कुत्रा पाळणाऱ्याला विचारा, तुमच्या कुत्र्याच्या तोंडात शेवटचं कधी पाहिलंत? तो आपल्याच तोंडाकडे पाहत राहील. आपण कुत्र्याला आंघोळ घालतो, गोचिडी काढतो, रेबीजची लस टोचून आणतो. तोंडाला वास यायला लागला की म्हणतो, कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच.

तो यायचाच असं नाही. दातांवर अन्नाचा आणि जंतूंचा चिकट थर बसतो. लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच त्याचं दगडासारखं कीटण होतं, चहाच्या पातेल्याला आतून बसतं तसं. हे कीटण दातावर दिसतं तेवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. पण ते हिरडीखाली उतरतं, तिथे पू धरतो आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाडच हळूहळू विरघळायला लागतं. माणसासारखी दाताला कीड लागणं कुत्र्यांत कमी. त्यांचं दुखणं हिरडीचं आणि हाडाचं. तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांत त्याची थोडीफार सुरुवात झालेली असते, असं पशुवैद्य सांगतात. लहान चणीच्या कुत्र्यांत जास्त, कारण इवल्याशा जबड्यात तेवढेच ४२ दात दाटीवाटीने बसवलेले असतात.

वरच्या जबड्यात मागे, दोन्ही बाजूंना एकेक मोठी दाढ असते. हाड फोडायची दाढ ती. तिला तीन मुळं, आणि ती पोहोचतात थेट डोळ्याच्या खालपर्यंत. त्यामुळे ही दाढ सडली की सूज येते ती गालफडावर, डोळ्याखाली. लोकांना वाटतं डोळ्याचं काही आहे, किंवा गांधीलमाशी चावली. हळद लावतात. दोन दिवसांनी गळू फुटतं, सूज उतरते, सगळे विसरतात. महिन्याभराने पुन्हा तेच.

आमच्या बादलचं असंच झालं. आई पॉमेरेनियन, बाप तारापूरच्या बाजारातला कुणीतरी. वय १३. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून पाहिलं आणि सांगितलं, दाढ काढावी लागेल, पूर्ण भूल देऊन. घरात लगेच दोन तट पडले. तेरा वर्षांच्या कुत्र्याला भूल? तो उठलाच नाही तर? आणि खातोय की तो!

हे ‘खातोय की’ प्रकरण आधी निकालात काढू. कुत्रा दुखत असतानाही खातो. भूक ही त्याच्या दुखण्यापेक्षा मोठी असते आणि दुखणं लपवणं हा त्याचा जन्माचा स्वभाव आहे. खाणं थांबलं नाही म्हणजे दुखत नाही, असा हिशेब चालत नाही. पाहायचं ते कसा खातो हे. एकाच बाजूने चावतो का, घास तोंडातून खाली पडतो का, आवडतं हाड हुंगून सोडून देतो का, तोंड जमिनीला घासतो का, डोक्यावर हात ठेवला की मान काढून घेतो का. बादल गेलं वर्षभर संध्याकाळी दारात येऊन बसत नव्हता. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला.

मग पूर्ण भूलच कशाला, नुसतं इंजेक्शन देऊन दात बधिर करता येत नाही का, असं मीही विचारलं. माणूस ‘आ’ करून खुर्चीत बसतो, कुत्रा बसत नाही. हिरडीखाली काम करायचं, तीन मुळांची दाढ तोडून एकेक मूळ वेगळं काढायचं, मध्ये एक्स-रे काढायचा, तर त्याला निपचित राहावं लागतं. त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. काम चालू असताना तोंडात पाणी आणि रक्त साचतं. ते फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी घालून ती फुग्याने बंद करावी लागते. शुद्धीवरचा कुत्रा ते करू देणार नाही. दात बधिर करण्याचं इंजेक्शनही देतात, पण भुलीच्या जोडीला, म्हणजे भूल हलकी ठेवता येते. भूल न देता दात साफ करून देणारेही हल्ली भेटतात. त्यांच्याकडून दात पांढरे होतात. हिरडीखालचं दुखणं जागच्या जागी राहतं, वर मालकाला समाधान मिळतं, म्हणजे दुप्पट तोटा.

भुलीचं आणि दातांचं नातं जुनं आहे. १८४६ साली अमेरिकेत बोस्टनला ईथर हुंगवून भर सभेत शस्त्रक्रिया करवून दाखवणारा मॉर्टन हा दंतवैद्य होता. त्याने ईथर आधी घरच्या कुत्र्यावर वापरून पाहिलं असं सांगतात. पुढे क्लोरोफॉर्म आला आणि त्याने माणसं टेबलावरच दगावू लागली, तेव्हा मृत्यू श्वास थांबून होतो की हृदय बंद पडून, यावर डॉक्टरांत मोठा वाद पेटला. तो सोडवायला १८८८ आणि १८८९ साली दोन समित्या बसल्या, त्या लंडनला नव्हे, हैदराबादला, निजामाच्या आश्रयाने. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांनी शेकडो कुत्र्यांवर प्रयोग केले. रूपाबाई फर्दुनजी ही भूल देणारी पारशी डॉक्टर त्या कामात होती. लॉरींचा निष्कर्ष असा की श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता करू नका. तो अर्धाच बरोबर निघाला. १९११ साली लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्मने हृदय आधीही थांबू शकतं.

क्लोरोफॉर्म आता शस्त्रक्रियेतून गेला. राहिली ती त्या वादातून मिळालेली शिस्त. भूल देणं म्हणजे औषध देऊन वाट पाहणं नाही. श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, अंगाची ऊब, सगळ्यांवर एकाच वेळी कुणीतरी डोळा ठेवायचा. आपल्या शांत झोपेसाठी हैदराबादच्या त्या कुत्र्यांनी किंमत मोजली आहे. त्यांच्या भाईबंदाला भूल द्यायची वेळ आली की आपण तोंड फिरवावं, हे मला काही बरं वाटत नाही.

पण भावनेने निर्णय होत नाही. धोका किती, ते बघू. ब्रिटनमध्ये २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भूल किंवा गुंगी दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांची त्यात नोंद आहे. सगळे मिळून साधारण ६०० कुत्र्यांमागे १ दगावला. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण १,८५० मागे १ होतं, आणि आधीच आजारी असलेल्यांत ७५ मागे १. या दोन आकड्यांमधल्या अंतराकडे पाहा. वयाचाही धोका आहे, बारा वर्षांपुढे तो वाढतो, हे त्याच अभ्यासात आलं आहे. पण खरा मोठा फरक आजाराचा आहे. म्हणून ‘किती वर्षांचा आहे’ या प्रश्नावर थांबायचं नाही. त्याचं हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि रक्त कसं आहे, हा पुढचा प्रश्न. तो अंदाजाने सुटत नाही, तपासण्यांनी सुटतो.

आमच्या घरात हा मुद्दा अम्मीने निकालात काढला. ती म्हणाली, ‘माझं पित्ताशय ७६व्या वर्षी काढलंत तेव्हा रिपोर्ट बघितलेत की वय?’ बादल अंगणात राहतो, घरात येत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पण अंगणातल्या मुक्या जिवाचाही जबाब द्यावा लागतो, असं तिचं म्हणणं.

तपासण्या कोणत्या? पूर्ण रक्त तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप सैल होते आणि स्टेथोस्कोपमध्ये फुसफुस ऐकू येते, डॉक्टर तिला मर्मर म्हणतात. मर्मर आहे म्हणजे भूल नाहीच, असं नसतं. इको करून हृदय किती थकलंय ते पाहावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे गोचीड. दमट हवेत, वाडीत, गवतात फिरणाऱ्या कुत्र्याला गोचिडीतून ताप येतो, आणि पुष्कळदा तो अंगातच दबून राहतो. कुत्रा हिंडता-फिरता दिसतो, पण रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात. अशा कुत्र्याची दाढ उपटली तर रक्त थांबता थांबत नाही. बादलच्या प्लेटलेट कमी निघाल्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली, चार आठवडे गोचीड तापाचं औषध दिलं, पुन्हा रक्त तपासलं. हृदय आणि मूत्रपिंड वयाच्या मानाने ठीक होतं. मग तारीख ठरली.

आमच्या शेजारच्या कुत्रीचा निकाल उलटा लागला. वय १५, दातांची अवस्था बादलपेक्षा वाईट. पण हृदय मोठं झालेलं, रात्री खोकला, क्रिएटिनिन चढलेलं. तिच्या डॉक्टरांनी तिला भूल न देण्याचा सल्ला दिला. मग तिचं खाणं मऊ केलं, भात-मासळी कुस्करून, काटे काढून. पू वाढला की अँटिबायोटिक आणि मूत्रपिंडाला झेपेल असं वेदनाशामक. सडका दात जागेवर असताना अँटिबायोटिक आग विझवत नाही, नुसती दाबून ठेवते, हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं. दुखणं औषधाने आवरेनासं झालं तर काय करायचं, तेही आधीच बोलून ठेवलं. तिचे मालक दोन-तीनदा माझ्याकडे येऊन बसले. आपण तिला टाळतोय का, असं त्यांना वाटायचं. मला तसं वाटत नाही. तपासून दिलेला नकार हाही उपचारच आहे.

(या निमित्ताने एक सांगतो. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नका. आपल्याला साधी वाटणारी ही औषधं त्याच्या जिवावर बेततात.)

राहिला प्रश्न कुठे न्यायचं. आमच्या भागातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, बैल, शेळ्या-कोंबड्यांसाठी. भुलीचं यंत्र आणि दातांचा एक्स-रे मिळायचा तर मुंबईकडे तोंड करावं लागतं. परळला बाई साकराबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा जुना दवाखाना आहे. मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये उघडलं. तारापूरहून हे सगळं शंभरावर किलोमीटर. गाडी, एक दिवसाचा खाडा, तपासण्यांचे पैसे, आणि खर्चाचा आकडा ऐकून नातेवाईक काय म्हणतील ते वेगळंच. ज्याला हे परवडत नाही त्याचं कुत्र्यावर प्रेम कमी, असं कुणी म्हणू नये. त्याने निदान जवळच्या डॉक्टरांना सरळ सांगावं की माझं बजेट एवढं आहे, यात सगळ्यात गरजेचं काय ते सांगा. चांगला डॉक्टर त्याचं उत्तर देतो.

कुठेही न्या, चार गोष्टी विचारा. श्वासनलिकेत नळी घालणार का? सलाईन चालू ठेवणार का? दात काढणारा दातात गुंतलेला असताना कुत्र्याकडे दुसरं कोण पाहणार? आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबणार? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तोच महत्त्वाचा. त्या ब्रिटिश अभ्यासात दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मे शस्त्रक्रिया संपल्यानंतर गेले, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. म्हणजे ‘झालं एकदाचं’ म्हणून आपण चहाला जातो तेव्हा. म्हाताऱ्या कुत्र्याचं अंग भुलीत लवकर गार पडतं, त्याला ऊब लागते.

संमतीच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांनी मला विचारलं, हृदय थांबलं तर कुठपर्यंत प्रयत्न करू? हा प्रश्न क्रूर वाटला, पण तो टेबलावर विचारण्यापेक्षा खुर्चीत बसून विचारलेला बरा. मी उत्तर दिलं, आणि ते घरी सगळ्यांना सांगितलं.

बादलची ती दाढ आणि आणखी पाच दात निघाले. आम्ही पाच तास तिथेच थांबलो, तो स्वतःच्या पायांवर गाडीपर्यंत आल्यावर निघालो. मनोरपर्यंत तो कण्हत होता, ते भुलीमुळे असतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन आठवडे मऊ खाणं. आता उरलेल्या दातांनी भाकरी खातो, पण कोरडी नाही, आमटीत भिजवलेली.

रोज रात्री त्याचे दात घासायचं काम माझ्याकडे आलंय. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट. आपली पेस्ट चालत नाही, कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते ती कुत्र्याला विषारी. पहिला आठवडा नुसतं बोट फिरवायचं, मग ब्रश. दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ. डाव्या बाजूला तो अजून तोंड उघडू देत नाही, तिथे बोटाला फडकं गुंडाळून भागवतो.