नवा कॅमेरा घेण्याआधी जुने फोटो उघडा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन-तीन आठवडे उरले की फोन सुरू होतात. लग्नसराई तोंडावर आलेली असते, ऑर्डरी घेतलेल्या असतात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कुणीतरी नवी बॉडी हाताळून आलेला असतो. "दादा, पाच वर्षं झाली जुन्या कॅमेऱ्याला. बदलून टाकू का?" मी उलट विचारतो, "मागच्या लग्नात कोणते फोटो बिघडले?" पलीकडे शांतता. बिघडलेले फोटो त्याच रात्री डिलीट झालेले असतात. कॅमेरा बदलावा की नाही, हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपणच पुसून टाकतो.

डिजिटल फोटोच्या प्रत्येक फाइलमध्ये शटरचा वेग, लेन्सचं छिद्र, आयएसओ आणि फोकल लेंग्थ नोंदलेली असते. एका सीझनचे चाळीस-पन्नास फसलेले फोटो जपून ठेवा आणि या चार आकड्यांकडे बघा. ते १/४० सेकंदाला हलले आहेत, आयएसओ जास्त होऊन किरकिरीत झाले आहेत, की फोकस नवरीऐवजी मागच्या पडद्यावर गेला आहे? तीन रोग, तीन वेगळी औषधं. यातल्या एकाच रोगावर नवी बॉडी हे थेट औषध आहे. दुकानात मात्र तिन्हींसाठी एकच बाटली मिळते.

"मेगापिक्सेल वाढले की फोटो तितकाच सुधारतो"

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट गैरसमज. आपल्याकडे लग्नाचा अल्बम बहुधा १२ बाय ३६ इंचांचा, म्हणजे उघडल्यावर १२ बाय १८ ची दोन पानं. एक पान भरून एकच फोटो छापायचा आणि इंचाला ३०० ठिपके धरायचे, तर ३६०० गुणिले ५४०० असे जवळजवळ १.९५ कोटी पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० देतो. भागलं की! मांडवाच्या दारातला फ्लेक्स कितीही मोठा असला तरी दहा-पंधरा फुटांवरून बघतात, त्याला इंचामागे ठिपके कितीतरी कमी पुरतात.

पिक्सेल मोजले जातात क्षेत्रफळावर. म्हणून २४ वरून ४५ वर गेलात तर फोटोची रुंदी ६००० वरून सव्वाआठ हजारांच्या आसपास जाते. आकडा जवळजवळ दुप्पट, बारकावा दीडपटीलाही पोचत नाही. फाइल मात्र खरोखर फुगते. तीन हजार रॉ फोटो घरी आणले की आधी हार्ड डिस्क भरते, मग एडिटिंगचा कॉम्प्युटर धापा टाकतो, आणि कॅमेऱ्याचं बजेट तिकडे वळतं.

"हळदीच्या रात्रीचे फोटो खराब येतात, फुलफ्रेमच पाहिजे"

फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी त्याहून लहान, सुमारे २३ बाय १५. क्षेत्रफळात फरक साधारण सव्वादोन ते अडीचपट. बाकी सगळं सारखं असेल तर अंधारात स्टॉपभराहून थोडा जास्त फायदा मिळतो. खरा आहे, पण महाग आहे.

आता लेन्सकडे या. किटमधली १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ वर अडकतं. साधी ५० मिलिमीटर एफ १.८ ची प्राइम लेन्स तिथे जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते (५.६ भागिले १.८ आणि त्याचा वर्ग, कागदावर करून बघा). जो फोटो आयएसओ ६४०० वर काढावा लागत होता, तो ६४० च्या आसपास निघतो. ही लेन्स कोणत्याही कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते.

फुकटात मात्र काही मिळत नाही. एफ १.८ वर फोकसची खोली इतकी कमी होते की नवरीचा डोळा धारदार आणि शेजारच्या करवलीचा चेहरा मऊ, असं होतं. स्टेजवर अकरा नातेवाईक ओळीने उभे असतील तिथे ही लेन्स उघडून चालत नाही, तिथे फ्लॅशच हवा. पण हळद आणि पाठवणी यांत बऱ्याच जणांना नवी बॉडी लागते असं वाटतं, तेव्हा कमतरता या लेन्सची असते.

"बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आता फोटो हलणारच नाही"

इथे जळगावहून साठेक किलोमीटरवरचं अजिंठा उदाहरणाला घेऊ. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. अंधार दाट, चित्र भिंतीवर स्थिर. हलतो तो फक्त आपला हात. सेन्सरच हलवून हाताची थरथर सावरणारी बॉडी इथे सोन्यासारखी: एरवी १/६० सेकंद लागला असता तिथे १/४ सेकंदालाही हातात धरून फोटो निघू शकतो. लेणी, देवळं, गढ्या, वाडे हे ज्याचं काम, त्याने एवढ्या एका कारणासाठी बॉडी बदलली तरी मी त्याला वेड्यात काढणार नाही.

वरमालेच्या वेळी गणित उलटं होतं. हात स्थिर असतो, नवरदेवाला मित्रांनी उचललेलं असतं आणि नवरी हार घेऊन उडी मारते. माणूस हलतो तेव्हा स्टॅबिलायझेशन काहीच करू शकत नाही. तिथे १/२०० सेकंद किंवा त्याहून जास्त वेग हवा, आणि वेगाला प्रकाश हवा. म्हणजे पुन्हा लेन्स, नाहीतर फ्लॅश.

"डीएसएलआर संपला, मिररलेस घेतलाच पाहिजे"

अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ मध्ये फुलफ्रेम मिररलेस आणले, आणि २०२० नंतर दोघांपैकी कुणीही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. नवं संशोधन मिररलेसवर होतंय यात शंका नाही. पण कंपनीने नवं मॉडेल काढणं थांबवलं म्हणून तुमच्या कपाटातला कॅमेरा फोटो काढायचं थांबत नाही.

मिररलेसचा मोठा फायदा फोकसमध्ये आहे. चेहरा आणि डोळा ओळखून तो धरून ठेवण्याचं काम हे कॅमेरे जुन्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून शक्य नव्हतं इतकं चोख करतात. वर सांगितलेला तिसरा रोग, फोकस मागच्या पडद्यावर जाण्याचा, तुमच्या फाइलींत वारंवार दिसत असेल तर बॉडी बदलायचं हे सबळ कारण आहे. जुन्या लेन्सा फेकाव्या लागतात, हेही खरं नाही. कॅननच्या ईएफ लेन्सा अडॅप्टरवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र सावध असावं: एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सा त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात.

आता आपल्या भागाचा प्रश्न, जो पुण्या-मुंबईचे परीक्षक सहसा विचारत नाहीत. ऊन. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि आपलं दुपारचं लग्न पत्र्याच्या किंवा कापडाच्या मांडवात लागतं. डीएसएलआरमध्ये आरशातून बघताना सेन्सर झोपलेला असतो, मिररलेसमध्ये तो सतत जागा असतो आणि तापतो. व्हिडिओत हे जास्त जाणवतं. २०२० च्या कॅनन आर ५ वर ८ के चित्रीकरण २३ अंश तापमानात सुमारे २० मिनिटं चालेल, असं कंपनीनेच सांगितलं होतं. तेवीस अंश! आपल्याकडे लग्नसराईत पहाटेही तेवढा गारवा मिळेलच असं नाही. तेव्हा सलग व्हिडिओ हे तुमचं काम असेल तर दुकानातल्या एसीत बॉडी बघून निर्णय घेऊ नका.

बॅटरीचं गणितही बदलतं. कॅनन ५ डी मार्क फोर एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीत ९०० फोटो काढतो. तीच बॅटरी घालून २०१८ चा ईओएस आर सुमारे ३७०. लग्नात सलग फोटो काढताना प्रत्यक्ष आकडे यापेक्षा जास्त येतात, पण प्रमाण हेच राहतं. देवक ते पाठवणी दिवसभर उभं राहायचं तर दोन-तीन जादा बॅटऱ्यांचे पैसे आधीच धरा.

एक छोटी गंमत आवाज न करणाऱ्या शटरची. मंगलाष्टकं चालू असताना खटखट नको म्हणून अनेक जण ते लावतात आणि घरी येऊन बघतात तर फोटोवर आडवे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. साध्या मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतो आणि त्यात ही उघडझाप टिपली जाते. १/१०० किंवा १/५० सेकंदावर पट्टे बहुधा जातात; स्टेजच्या मंद केलेल्या एलईडीवर त्याचीही खात्री नाही. तिथे साधा शटर वापरावा, भटजींना खटखटीची सवय असते.

"शटर काउंट संपला म्हणजे कॅमेरा संपला"

कंपन्या दीड लाख, दोन लाख असा जो आकडा देतात, तो चाचणीतला टिकाऊपणा असतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख नसते. कुणाचा शटर आधीच जातो, कुणाचा दुपटीने चालतो, आणि गेला तर तो बदलता येतो. जुनी बॉडी विकत घेताना हा आकडा जरूर बघावा. स्वतःची चालती बॉडी निव्वळ या आकड्याला घाबरून विकू नये.

"पक्ष्यांसाठी फुलफ्रेम"

हतनूर धरणावर किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावर हिवाळ्यात जाणाऱ्यांत हा समज पक्का आहे. समजा, तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी बॉडी आणि ३०० मिलिमीटरची लेन्स आहे. तीच लेन्स २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर लावली तर पक्षी चौकटीत लहान दिसतो. तो पूर्वीइतका मोठा करायला कडा कापल्या की हातात दहाएक मेगापिक्सेल उरतात. पैसे वाढले, पक्षी घटला. पक्ष्यांसाठी आधी लांब लेन्स घ्यावी, बॉडीचा विचार नंतर.

रानपिंगळ्याची गोष्ट या भागात प्रत्येकाला माहीत असायला हवी. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळं झालं. हा पिंगळा दिवसा वावरतो, यावलच्या जंगलातही आहे. त्याच्यासाठी रात्रीत बघणारा सेन्सर घ्यायला निघालेले लोक मला भेटले आहेत! त्याला हवं जंगल ओळखणं आणि सकाळी लवकर उठणं.

"कॅमेऱ्याचं काही नसतं हो, नजर पाहिजे"

हा उलट्या बाजूचा गैरसमज. तो सांगताना चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव हमखास घेतात. मूस (१९१२-१९८९) यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतलं आणि मग चाळीसगावच्या बंगल्यात जवळजवळ अज्ञातवासात राहून टेबल-टॉप छायाचित्रणात नाव कमावलं. टेबलावर छोट्या वस्तू मांडून खरं वाटेल असं दृश्य उभं करायचं, ही ती कला. स्टेशनजवळचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, जाऊन बघा. पण त्यांच्या कामातून लग्नाच्या फोटोग्राफरने काढायचा निष्कर्ष वेगळा आहे. टेबलावरचं काहीच हलत नव्हतं, प्रकाश त्यांच्या हातात होता आणि वेळ हवा तितका होता. मांडवात यातलं एकही नसतं. तिथे यंत्राच्या मर्यादा खऱ्या असतात, आणि नजर चांगली असली तरी एफ ५.६ चं छिद्र मोठं होत नाही.

मोठा कॅमेरा पाहून ऑर्डर येते, असंही म्हणतात. पंगतीत एखादा पाहुणा विचारतो खरा, "हाऊ कॅमेरा कितलाना शे, भो?" पण पुढची ऑर्डर बहुतेकदा शेजारच्या घरी पाहिलेल्या अल्बममुळे येते.

हिशोब मात्र मांडावा. समजा, बॉडी दोन लाखांची, चार वर्षं वापरणार, वर्षाला पंचवीस ऑर्डरी. ऑर्डरमागे दोन हजार पडले, जुन्या बॉडीचे येतील ते वजा. तेवढे कमी बिघाडातून किंवा वाढीव दरातून निघत असतील तर घ्या. आणि घेताना पक्कं बिल घ्या. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तुमची नोंदणी असेल तर तो कर पुढे वळता करून घेता येतो, म्हणून बिलाशिवायची "स्वस्त" बॉडी अनेकदा महागात पडते. शिवाय तिला इथली वॉरंटी नसते.

सगळं जुळूनही मन ठरत नसेल तर हवी ती बॉडी एका लग्नापुरती भाड्याने आणा. आपल्याच लेन्सा अडॅप्टरवर लावा. दुपारच्या मांडवात सलग अर्धा तास व्हिडिओ घ्या, रात्रीच्या हळदीचे दोनशे फोटो काढा. मग त्या फाइली दुकानदाराच्या नव्हे, आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर उघडा आणि जपून ठेवलेल्या बिघडलेल्या फोटोंशेजारी लावा.