जखम उकरणे नव्हे

आघाताने पोळलेल्या माणसाला आपल्याकडे दोन उपदेश हमखास मिळतात: झाले गेले विसरून जा, आणि चांगले तेवढेच मनात आण. उपदेश करणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. परंतु मानसोपचार म्हणजे हेच उपदेश तज्ज्ञाच्या तोंडून ऐकणे, हा जो समज सुशिक्षितांतही रूढ आहे, तो मला फार हानिकारक वाटतो, कारण त्यापायी ज्यांना उपचारांचा लाभ झाला असता अशी कितीतरी माणसे त्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांच्या परिचयाची केली. पुढच्या दशकात फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांना असे आढळले की, खिन्नतेने ग्रासलेल्या रुग्णांच्या मनात काही विचार आपोआप उमटत राहतात आणि रुग्ण ते न तपासताच सत्य मानून चालतात; यातूनच त्यांची उपचारपद्धती घडली. या दोन्ही पद्धतींत सकारात्मक विचारांची सक्ती नाही. अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला 'तू हुशारच आहेस' असे कोणी सांगत नाही. 'मी सर्वथा निकामी आहे' हा जो निकाल त्याने स्वतःविरुद्ध देऊन ठेवलेला असतो, त्याचे दप्तर पुन्हा उघडून, अनुकूल-प्रतिकूल पुरावा समोर मांडून, एका विषयातील अपयशावरून साऱ्या आयुष्याला शिक्षा कशी फर्मावली गेली, याची उलटतपासणी त्याच्याकडूनच करवून घेतली जाते. अपयशाचे दुःख त्याला होणारच, आणि एलिस यांच्या मते ते योग्यही आहे.

आघाताच्या बाबतीत ही तपासणी अधिक नाजूक होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा रात्रीतून वाचलेला एखादा पिता कल्पून पाहावा, जो वर्षानुवर्षे मनाशी म्हणतो, 'मीच मुलांना आत निजवले.' त्याला 'तुझा दोष नाही' असे शंभरदा सांगून भागत नाही. निजवतेवेळी आपल्याला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक होणे शक्यच नव्हते, हा भेद त्याच्या स्वतःच्या ध्यानात यावा लागतो.

याहून मोठी धास्ती असते ती जखम उकरली जाण्याची. वस्तुतः आठवण टाळल्याने भय शमत नाही, उलट पोसले जाते, या निरीक्षणावर मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांची पद्धती उभी आहे: सुरक्षित खोलीत, पूर्वतयारीनिशी, रुग्णाच्या संमतीने तीच हकीकत पुनःपुन्हा सांगितली जाते, आणि साधारण आठ ते पंधरा बैठकांत आठवण ही आठवण आहे, चालू संकट नव्हे, हे मनाला उमजू लागते. मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये आरंभिलेल्या, आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवण्याच्या पद्धतीला काहीजण संमोहन समजतात. तसे ते नाही, कारण रुग्ण पूर्ण जागा असतो. नेत्रहालचालींचा वाटा किती याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या पद्धतीची शिफारस केली आहे.

मात्र आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला बोलते करावे, हा उलट टोकाचा आग्रहही चुकीचाच. तशा सक्तीच्या एका बैठकीने पुढील विकार टळतो, असे दिसून आलेले नाही. पहिल्या दिवसांत माणसाला छप्पर, अन्न आणि आप्तांची खबर हवी असते. बहुसंख्य लोक त्या आधारावर हळूहळू सावरतात. महिना उलटल्यावरही दुःस्वप्ने, दचकणे, प्रसंगाची वाट टाळणे चालूच राहिले, तर मात्र तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब लावू नये. खर्चाची किंवा गावात तज्ज्ञ नसल्याची अडचण असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.