मारण्याआधी जगवावं लागतं

त्वचा व गुप्तरोग विभागाच्या ओपीडीतून निवासी डॉक्टर स्वॅब घेऊन जिन्यानं वर आला, तेव्हा त्या स्वॅबसाठीची प्लेट टेबलावर तयार होती. "फ्रीजमधून कधी काढली?" प्रयोगशाळेतल्या मॅडमनी विचारलं. "तास झाला, मॅडम," तंत्रज्ञ काका म्हणाले. तरीही प्लेटच्या तळाला हात लावून ती गार नाही ना हे त्यांनी पाहिलं आणि मगच स्वॅब हातात घेतला. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी हे काम बघायला बसले होते. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, जंतू माणसाच्या शरीराबाहेर जगवण्याचं काम.

आल्बर्ट नायसर यांनी 1879 साली हा जंतू पहिल्यांदा ओळखला. अंगात तो चिवट, पण बाहेर अतिशय नाजूक. वाळला की मेला, गारठला की मेला. साध्या कापसातली स्निग्धाम्लंही त्याला बाधतात, म्हणून स्वॅबचं टोक डॅक्रॉनचं असतं. नमुना घेतल्यापासून प्लेटवर जाईपर्यंत जितका वेळ जाईल, तितकी तो उगवण्याची आशा कमी होते.

आधी प्लेट, मग स्लाइड. एकच स्वॅब असेल तर हा क्रम मोडायचा नाही, कारण स्लाइडची काच निर्जंतुक नसते. काकांनी स्वॅबचं टोक गोल फिरवत प्लेटवर रेघ ओढली आणि लूपनं ती पसरवली. प्लेट तपकिरी दिसते, कारण तिच्यात तापवलेलं रक्त असतं. रक्तातल्या पेशी फुटून आतलं पोषण मोकळं झाल्याशिवाय हा जंतू वाढत नाही. शिवाय तिच्यात व्हँकोमायसिन, कोलिस्टिन, निस्टॅटिन आणि ट्रायमेथोप्रिम घातलेलं असतं. नमुन्यातले बाकीचे जंतू आणि बुरशी त्यानं दबतात आणि याला जागा मिळते.

मग बरणी. त्या प्रयोगशाळेत अजून मेणबत्तीची बरणी वापरतात. प्लेट आत ठेवायची, ओला कापूस ठेवायचा, पांढरी बिनवासाची मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बंद करायचं. ज्योत आपोआप विझते, तोवर आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सुमारे 3 टक्क्यांवर येतं. या जंतूला तेवढं लागतं. झाकण बसलं की बरणी 35-36 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जाते.

स्लाइड मात्र लगेच वाचता येते. जांभळा रंग, आयोडिन, अ‍ॅसिटोन, शेवटी सॅफ्रानिन. मॅडमनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. पुवाच्या पेशी फिकट गुलाबी, आणि त्यांच्या आत, घेवड्याचे दोन दाणे खोलगट बाजूंनी समोरासमोर ठेवावेत, तशा गडद गुलाबी जोड्या. लक्षणं असलेल्या पुरुषाच्या नमुन्यात एवढं दिसलं की निदान जवळजवळ पक्कं. बाईच्या गर्भाशयमुखाच्या नमुन्यात मात्र स्लाइडवर निम्म्याच्या आसपास रुग्ण सुटतात. आणि बऱ्याच बायकांना तर त्रासच जाणवत नाही. त्रास नाही म्हणून दवाखान्यात येणं नाही, आणि आजार गर्भनलिकांपर्यंत पोचतो. वंध्यत्व, गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा, बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना होणारा संसर्ग हे सगळं त्यातूनच येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात या आजाराची सुमारे 8 कोटी 20 लाख नवी प्रकरणं झाली.

जंतू आहे की नाही, हे स्लाइड सांगते. कोणत्या औषधानं तो मरेल, ते सांगत नाही. त्यासाठी तो वाढावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी बरणी उघडली, तेव्हा प्लेटवर राखाडी, चकचकीत, जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या कॉलनी आल्या होत्या. "ग्रोथ आली," काका म्हणाले, आणि मॅडम हातातलं काम टाकून आल्या. ऑक्सिडेज चाचणीसाठी काकांनी कॉलनी लाकडी काडीनं उचलली. निक्रोमच्या लूपनं उचलली तर धातूमुळेच रंग येऊन खोटा होकार मिळू शकतो. रसायन लावलेल्या कागदावर डाग 10 सेकंदांच्या आत गर्द जांभळा झाला. त्यापुढे साखरेच्या चाचण्या. हा जंतू फक्त ग्लुकोज आंबवतो. याचा सख्खा भाऊ, मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस, माल्टोजही आंबवतो. हा फरक चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

मग खरा प्रश्न. जंतूचा थर दिलेल्या नव्या प्लेटवर औषधाची पट्टी ठेवतात. पट्टीच्या एका टोकाला औषध भरपूर, दुसऱ्या टोकाला अगदी थोडं. दुसऱ्या दिवशी पट्टीभोवती लंबगोल मोकळी जागा दिसते. ती पट्टीला जिथे छेदते, तो आकडा वाचायचा. किमान किती औषधानं वाढ थांबते, ते कळतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या पट्टीभोवती मोकळी जागाच नव्हती. वाढ थेट पट्टीला चिकटलेली. सेफ्ट्रायाक्सोनभोवती मात्र ती चांगली रुंद होती. मॅडमनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि जंतूचा थोडा भाग ग्लिसरॉलच्या द्रावणात घालून उणे 70 अंशांच्या फ्रीजरकडे पाठवला.

त्या वहीतल्या आकड्यांमागे नव्वद वर्षांची माघार आहे. सल्फा औषधं 1930च्या दशकात आली आणि काही वर्षांतच निकामी झाली. पेनिसिलिनचा डोस वाढवत वाढवत चाललं, पण 1976 मध्ये पेनिसिलिन फोडून टाकणारे जंतू सापडले. पाठोपाठ टेट्रासायक्लिन गेलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं, सीडीसीनं, 2007 मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटाची शिफारस मागे घेतली, तर 2012 मध्ये सेफिक्झिम पहिल्या पसंतीतून काढलं. जपानमध्ये क्योटोत सापडलेल्या, सेफ्ट्रायाक्सोनला दाद न देणाऱ्या जंतूचा अहवाल 2011 साली आला. आज भरवसा मुख्यतः सेफ्ट्रायाक्सोनच्या एकाच इंजेक्शनवर आहे. एखाद्या औषधाला दाद न देणारे नमुने 5 टक्क्यांवर गेले की ते बदलण्याचा विचार करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. ते 5 टक्के मोजायला आधी जंतू वाढवावे लागतात.

आपल्याकडे लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून रंगीत किट देतात. मूत्रमार्गातून पू येत असेल तर राखाडी किट, ज्यात अनेक वर्षं अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम आहे. ही पद्धत मला मोलाची वाटते. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला त्याच दिवशी औषध मिळतं, रिपोर्टसाठी पुन्हा हेलपाटा पडत नाही. पण त्या किटमध्ये काय असावं, हे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातल्या केंद्रासारख्या मोजक्या ठिकाणच्या प्लेटांवरून ठरतं. दुसरीकडे जंतूचा जनुकीय अंश शोधणारं पीसीआर आलं आहे. बायकांच्या निदानासाठी ते फार उपयोगी आहे, पण त्यात मेलेला जंतूही सापडतो आणि औषधांचं पूर्ण उत्तर मिळत नाही. दोन्हींमुळे कल्चरकडे, म्हणजे जंतू असा वाढवून पाहण्याकडे, येणारे नमुने कमी झाले. जे नमुने येतात, ते देणारे कितीतरी जण लाजेपोटी आधी मेडिकलमधून गोळ्या घेऊन आलेले असतात. अशा प्लेटवर काहीच उगवत नाही.

नव्या औषधाचं संशोधनही याच प्लेटवर उभं आहे. झोलिफ्लोडॅसिन हे नव्या वर्गाचं, पाण्यात कालवून एकदाच प्यायचं औषध. जीएआरडीपी या ना-नफा संस्थेनं पाच देशांतल्या 930 जणांवर त्याची चाचणी घेतली. आठवडाभराच्या आसपास पुन्हा नमुना घ्यायचा आणि कल्चर करायचं. काही उगवलं नाही तर बरा. त्या कसोटीवर नव्या औषधाचा गुण 90.9 टक्के, तर इंजेक्शन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या जुन्या जोडीचा 96.2 टक्के आला. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत बसला. इंजेक्शनऐवजी तोंडावाटे घ्यायचा पर्याय मिळाला, हे मोठं काम आहे.

प्रतिबंधाचं संशोधनही चालू आहे. संबंधानंतर 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन 200 मिलिग्रॅम घेतल्यास संसर्ग टळतो का, हे सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलमध्ये पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रियांवर तपासलं गेलं. 2023 मध्ये निष्कर्ष आले, लैंगिक संसर्ग एकूण सुमारे दोन तृतीयांशानं घटले होते. केनियातल्या किसुमूमध्ये तरुण स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. त्यांच्या केसांच्या तपासणीत बहुतेक नमुन्यांत औषधाचा अंशच नव्हता. गोळी हातात असूनही ती पोटात जात नव्हती. ती का जात नव्हती, हे त्या बायकांनाच विचारावं लागेल, आणि तेही संशोधनच आहे.

म्हणून मला दोन गोष्टी आग्रहानं सांगायच्या आहेत. पू जात असेल, जखम दिसली असेल, तर दुकानातून गोळ्या घेण्याआधी सरकारी दवाखाना गाठावा, आणि जोडीदारालाही सोबत न्यावं. आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी परम्याचं कल्चर खर्चिक किंवा कालबाह्य म्हणून बंद करू नये. पुढचं औषध कुठल्याही देशात तयार होवो, ते आपल्याकडच्या जंतूवर चालतं का, हे आपल्याच प्लेटवर ठरणार आहे. ती प्लेट ओतणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसांच्या रिकाम्या जागा वेळेवर भरणं, हा या आजाराच्या उपचाराचाच भाग आहे.