जुनी डिझेल व्हॅन घरी सांभाळायची कशी? आधी धूर वाचा, मग पाना उचला

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना एसटीच्या आवाजात नीट ऐकू येत नाही आणि ज्यांना गाडीखाली शिरताना हाताशी काहीतरी लिहिलेलं हवं असतं, त्यांच्यासाठी. जसं बोललो तसंच ठेवलंय, थोडी साफसफाई करून.

विषय आहे कॅम्पर. म्हणजे मागे झोपायची सोय, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेली व्हॅन. रीलमध्ये दिसतात त्या नव्या गाड्या आपल्या बजेटच्या बाहेर. मग नजर जाते ती वीस-पंचवीस वर्षांच्या डिझेल व्हॅनवर. मेसेज येतात, "दादा, स्वस्तात मिळतीय, घेऊ का?" माझा उलटा प्रश्न असतो, "सांभाळता येईल का?" आजचा भाग त्यावर.

मी माढ्याचा. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, फिटर नाही. त्यामुळे जिथे घरचा पाना पुरतो तिथे तसं सांगेन, आणि जिथे मिस्त्रीच लागतो तिथे स्पष्ट "हात लावू नका" म्हणेन.

ही इंजिनं आपल्याकडचीच

जुनी डिझेल व्हॅन म्हटलं की महाराष्ट्रात दोन नावं आठवतात, मॅटाडोर आणि टेम्पो ट्रॅव्हलर. दोन्ही पुण्याच्या बजाज टेम्पोच्या. ही कंपनी १९५८ साली एन. के. फिरोदिया यांनी जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने सुरू केली, आणि २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. मॅटाडोर तर एवढी रुळली की कुठल्याही व्हॅनला लोक मॅटाडोरच म्हणायचे.

ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये बरीच वर्षं जे इंजिन होतं, ते मर्सिडीजच्या ओएम ६१६ या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाच्या परवान्यावर बनलेलं. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या कारमध्ये होतं. ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिडिस यांची १९७६ची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. आता एकच इंजिन एवढं चाललं असं नाही हां. त्यांनी इंजिनं वेळच्या वेळी उतरवून, दुरुस्त करून, आलटून-पालटून वापरली. मुद्दा तोच आहे. जुनं डिझेल "कधीच बिघडत नाही" हे खरं नाही. ते दुरुस्त होतं, आणि बिघडण्याआधी सांगतं, हे खरं.

डिझेलला लागतं काय?

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो. डिझेलमध्ये नसतो. इथे पिस्टन हवा इतकी दाबतो की ती दाबूनच तापते. जुन्या ओएम ६१६मध्ये साधारण २१ पट. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतं आणि ते आपोआप पेटतं. जुन्या इंजिनात सेन्सर आणि ईसीयू हा प्रकारच नाही. पंपसुद्धा पूर्ण यांत्रिक.

म्हणजे इंजिन सुरू व्हायला तीनच गोष्टी हव्यात: दाबलेली गरम हवा, वेळेवर डिझेल, आणि जोरात फिरवणारा सेल्फ. गाडी सुरू होत नसेल तर यातलं एक काहीतरी पोचत नाहीये. कुठलं, ते कळल्याशिवाय पार्ट बदलू नका. आम्ही कोड डीबग करतो तेव्हा आधी लॉग बघतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. गाडीचा लॉग म्हणजे सायलेन्सरचा धूर.

धुराचे रंग

सेल्फ मारताना मागे एक माणूस उभा करा आणि विचारा, धूर येतोय का आणि कसला.

- धूर अजिबात नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. लाइनमध्ये हवा, चोक झालेला फिल्टर, नाहीतर इंजिन बंद करायची केबल ओढलेलीच राहिलीय.
- पांढरा धूर, पण इंजिन धरत नाही: डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. हिटर प्लग बघा. सगळे हिटर चांगले निघाले तर कॉम्प्रेशनची शंका.
- काळा धूर: डिझेलच्या मानाने हवा कमी. पहिल्यांदा एअर फिल्टर, मग नोझल.
- निळसर धूर: इंजिन ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील.
- इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर, आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय: हेड गॅस्केटची शंका. गाडी चालवू नका.

एवढं फोनवर मिस्त्रीला सांगितलंत, तरी त्याचा अर्धा वेळ आणि तुमचे बरेच पैसे वाचतात.

सकाळी सुरू होत नाही: हवा की हिटर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. रात्री गाडी ठीक, सकाळी सेल्फ फिरतोय पण इंजिन धरत नाही. संशयित दोन, आणि ते वेगळे ओळखता येतात.

पांढरा धूर येतोय, इंजिन थरथरत एक-दोन सिलिंडरवर पकडतं आणि मिनिटभराने सुरळीत होतं, तर हिटर प्लग. मल्टिमीटर घ्या, प्लगवरची वायर काढा, प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. पेन्सिलसारख्या प्लगमध्ये चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग गेला. एक गेला असेल तर चारही तपासा.

धूरच नसेल तर लाइनमध्ये हवा धरली असण्याची शक्यता मोठी. इथे एक गोष्ट फसवते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपमधून डिझेल ओढलं जातं. त्या पाइपला बारीक चीर असेल तर इंजिन चालू असताना बाहेर डिझेल गळत नाही, आत हवा शिरते. म्हणून "कुठेच लीक नाही" असं म्हणून आपण गप्प बसतो. फिल्टरच्या आधी तात्पुरता पारदर्शक पाइप लावा. बुडबुडे दिसले की चोर सापडला. बहुतेक वेळा दोष रबरी पाइप, क्लिप किंवा वॉशरचा असतो, आणि दुरुस्ती किरकोळ पैशांत होते.

हवा काढायची पद्धत

१. टाकीत पुरेसं डिझेल आहे ना, बघा.
२. फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट थोडा सैल करा, खाली फडकं धरा.
३. हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हा बोल्ट आवळा.
४. तरीही सुरू होत नसेल तर नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. डिझेल झिरपलं की आवळा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नोझलचा फवारा शंभर बारच्या वरच्या दाबाने सुटतो. तो कातडीतून आत घुसतो. बाहेरून सुई टोचल्यासारखं दिसतं, पण आत डिझेल पसरतं आणि बोट, हातसुद्धा गमवायची वेळ येते. इंजिन फिरत असताना त्या पाइपांच्या आणि नोझलच्या जवळ हात न्यायचा नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. कधी टोचलंच, तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना गाठा आणि "डिझेल आत गेलंय" असं सांगा.

फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा नट असेल, तर तो महिन्यातून एकदा उघडा. डिझेलमधलं पाणी खाली बसतं, आणि ते पंपात गेलं की खर्च मोठा.

धूळ, तेल आणि बोअरचं पाणी

आमच्या माढा तालुक्यात कुर्डुवाडीला रेल्वेचं जुनं वर्कशॉप आहे, बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासूनचं. ती नॅरोगेज लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. रेल्वेत एक साधा नियम असतो. डबा बिघडला म्हणून नाही, तर तारीख आली म्हणून वर्कशॉपमध्ये जातो. घरच्या व्हॅनला हाच नियम लावा. कॅम्पर महिनोन्महिने उभी असते, म्हणून किलोमीटर मोजून भागत नाही, कॅलेंडरही बघावं लागतं.

एअर फिल्टर: ऊसतोडीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावरची धूळ म्हणजे इंजिनाला पॉलिश पेपरच. कागदी फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. बाहेरून मारली तर धूळ आणखी आत रुतते. फिल्टर नवा आणि त्याचं रबर तुटलेलं, तर काही उपयोग नाही.

इंजिन ऑइल: डिझेलचं ऑइल चार दिवसांत काळं होतं, ती काजळी आहे, घाबरू नका. घाबरायचं दोन वेळा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर त्यात डिझेल उतरतंय. दोन्हीत इंजिन सुरू करू नका. आणि गाडी नुसती उभी असली तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल ओढ्यात ओतायचं नाही, जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.

पाणी: आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीवर बसतो तो पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो, आणि मे महिन्यात चढावर गाडी तापते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. "उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला घेऊ नका. तापायचं खरं कारण झाकलं जातं आणि बाकीचं वर्ष इंजिन थंड चालून झिजतं. गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

ब्रेक: इथे गंमत नाही

पेट्रोल गाडीत ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनाकडूनच मिळतो. जुन्या डिझेलमध्ये तसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, इंजिनवर किंवा अल्टरनेटरच्या मागे. पंप, त्याचा बेल्ट किंवा पाइप गेला, किंवा उतारावर इंजिन बंद पडलं, तर दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक असतो, पण पूर्ण ताकदीने दाबावा लागतो. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना, मागे आई-वडील आणि लहान मुलं बसलेली असताना, हे पहिल्यांदा कळायला नको.

घरची चाचणी एका मिनिटाची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालतोय. नाही गेलं तर गाडी शेडमध्येच राहू द्या.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. दोन वर्षांनी बदलाच. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर घाट उतरून डिझेल वाचवणाऱ्यांना एवढंच सांगतो: चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. चाकांना ओंडके, चेसिसखाली स्टँड. विटा चालत नाहीत, त्या न सांगता फुटतात.

झोपायच्या गाडीचे वेगळे नियम

इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळाला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडर ठेवाल तिथे तळाशी हवा जायला भोक हवं, नुसती वरची खिडकी पुरत नाही. पंखे आणि दिव्यांना वेगळी बॅटरी, आणि तिच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ते पाटे, टायर आणि ब्रेक या तिघांनाही उचलावं लागतं.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही यावर कडक निकाल दिलाय. सीटा काढून बेड बसवण्याआधी आरटीओत विचारा. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर असतो, तो हिशेब घेण्याआधीच करा.

घरी काय, बाहेर काय?

घरी: फिल्टर, ऑइल, कूलंट, बेल्ट, हवा काढणं, हिटर प्लग, पाइप आणि क्लिपा, बॅटरीची टर्मिनलं. बाहेर: डिझेल पंपाचं सेटिंग, नोझलचा दाब, हेड गॅस्केट, स्टिअरिंग आणि ब्रेकचं खोल काम. आणि एक जुनी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, धूर कसा होता. मिस्त्री बदलला तरी वही राहते, आणि उद्या गाडी विकायची झाली तर तीच सगळ्यात चांगली जाहिरात.

मग घ्यायची का जुनी व्हॅन? महिन्यातला एक रविवार तिला देता येत असेल, तर जरूर घ्या. तेवढाही वेळ नसेल, तर भाड्याने घेऊन फिरा, त्यात काही कमीपणा नाही. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन सकाळपासून सुरू करू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ द्या आणि मागे उभं राहून धूर बघा.

तुमच्या गाडीचा धूर कसला येतोय, व्हॉइस नोट पाठवा. थंड असताना की गरम झाल्यावर, तेही सांगा. पुढच्या भागात त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरं घेऊ. भेटू, काळजी घ्या!