विश्लेषण : मोझार्टसाठी अखेरचे गाणारे बेनेडिक्ट शाक कोण होते?

मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेराचा पहिला प्रयोग ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नात झाला. त्यात बासरी वाजवणाऱ्या राजपुत्र तमिनोची भूमिका केली बेनेडिक्ट शाक यांनी. ते स्वतः बासरीवादक असल्याने रंगमंचावरची बासरीही त्यांनीच वाजवली, असे मानले जाते.

मूळचे कुठले?

बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, मिरोटिचे गावचे. जन्म १७५८चा. १७८६ मध्ये ते शिकानेडर यांच्या फिरत्या नाटक मंडळीत आले. तिथे ते गात आणि संगीतही रचत.

मोझार्टशी मैत्री कशी होती?

फिरायला न्यायला आलेला मोझार्ट, शाक कपडे करेपर्यंत, त्यांच्या अर्धवट ऑपेरात चार ओळी लिहून ठेवी, अशी आठवण सांगितली जाते. मग शाक यांच्या रचनांत मोझार्ट किती? ‘द फिलॉसॉफर्स स्टोन’ (१७९०) या ऑपेराच्या एका हस्तलिखितात तर दोघांचीही नावे रचनाकार म्हणून सापडली आहेत.

शेवटच्या दिवशी काय घडले?

४ डिसेंबर १७९१. अंथरुणाला खिळलेल्या मोझार्टभोवती मित्रांनी त्याचे अपूर्ण ‘रेक्विएम’ गायले. सर्वांत वरच्या पट्टीचा, स्त्रीस्वराचा भाग शाक यांनी उचलला. ‘लाक्रिमोसा’ सुरू होताच मोझार्ट ढसाढसा रडला. त्याच रात्री तो गेला.

हा प्रसंग छापून आला १८२७ मध्ये, शाक यांच्या मृत्युलेखात. मधली ३५ वर्षे लक्षात घेऊनच तो वाचायला हवा. शाक यांचा आवाज तोवर कधीच गेला होता. म्युनिकमध्ये निवृत्तिवेतनावर राहून १८२६ मध्ये ते वारले.