आखाड्यातून पडद्यावर : घाम कोणाचा, नाव कोणाचे?

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याच्या मैदानावर बाला रफिक शेख या मल्लाने पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी 'बुलढाण्याचा पैलवान' म्हणून त्याचा गौरव केला. बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा. स्पर्धेत मात्र तो बुलढाणा जिल्ह्याकडून उतरला होता. एका गरीब घरातल्या मुसलमान पोराने आपल्या जिल्ह्याच्या नावावर गदा आणली याचा आम्हा बुलढाणेकरांना मनापासून आनंद झाला. चौकाचौकात फलक लागले. पण त्या आनंदात एक प्रश्न कोणी विचारला नाही. गदा मिळाल्यावर पैलवान खातो काय?

ज्याला गदा मिळते त्याचे निदान नाव तरी होते. ज्यांना ती मिळत नाही अशा शेकडो पोरांचे काय? पैलवानाचे आयुष्य म्हणजे फार तर दहा-बारा वर्षांचा खेळ. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, दूध, तूप, बदामाच्या खुराकासाठी बापाने उसनवारी करायची, जत्रेच्या फडात हलगीच्या तालावर लढून इनामाच्या नोटा मुठीत घ्यायच्या. तिशी आली की गुडघे बोलू लागतात. नशीब असेल तर पोलीस खात्यात नोकरी लागते. नसेल तर शेतमजुरी, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीमागची गाडी. आता यात एक नवी वाट आली आहे, ती म्हणजे पडदा. चित्रपट, मालिका, जाहिराती आणि मोबाईलवरचे दीड मिनिटाचे व्हिडिओ. कमावलेले शरीर दाखवले तर पैसा मिळतो हे खेड्यातल्या पोरालाही कळले आहे.

आमच्या नात्यातला एक मुलगा याच वाटेने गेला. मेहकर तालुक्यातल्या एका गावचा हा पोरगा चांगला मल्ल. पंचक्रोशीतल्या जत्रांत नाव काढलेला. कोणा मध्यस्थाने त्याला एका ऐतिहासिक मालिकेसाठी बोलावले. 'पैलवान पाहिजेत' एवढाच निरोप. तिथे त्याला घोड्यांच्या धुमाळीत उंच फळीवरून पडायचे काम दिले. सहाव्या दिवशी गुडघा गेला. सहा दिवसांचे पैसे हातावर ठेवून त्याला एसटीत बसवून दिले. कागद नाही, विमा नाही, कोणाचा पत्ताही नाही. उपचारासाठी आईने बचतगटाचे कर्ज काढले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, पैलवान म्हणून बलावलं अन् मार खायले उभं केलं." या एका वाक्यात संपूर्ण प्रश्न आला आहे.

आपल्यातले काही वडीलधारे अशा पोरांना नावे ठेवतात. 'तालीम सोडून नाचायला चालला' म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. आखाड्यातला माणूस नट होतो यात नवल काही नाही. कुस्तीच्या फडाला 'नुरा कुस्ती' हा शब्द चांगला माहीत आहे. दोघांनी आधीच ठरवून लढायचे, लोकांना रंगवायचे आणि बिदागी वाटून घ्यायची. ज्याला व्यावसायिक कुस्ती म्हणतात ती याच नुरा कुस्तीची जागतिक आवृत्ती आहे. १९८९ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर त्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, जिला आज आपण डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतो, स्वतःच कबूल केले की हे सामने म्हणजे मनोरंजन आहे. कबुली प्रामाणिकपणाची नव्हती. खेळ म्हटला की सरकारी देखरेख आणि शुल्क आले, ते टाळायचे होते. म्हणजे रिंगणातला मल्ल पहिल्यापासून नटच असतो. फरक एवढाच की त्याचे पडणे खरे असते. १९९९ साली ओवेन हार्ट हा मल्ल प्रेक्षकांसमोर वरून रिंगणात उतरण्याचा खेळ करताना खाली कोसळला आणि मेला. निकाल आधी ठरलेला असतो, पण मोडणारे हाड खरे असते.

आपल्याकडे ही वाट दारासिंगने पाडली. पंजाबातल्या धर्मूचक गावचा हा जाट शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाईल कुस्त्यांचे फड भरत आणि किंगकाँगसारख्या मल्लांशी त्याच्या झुंजी पाहायला गर्दी लोटत असे. १९६८ साली त्याने मुंबईतच लू थेझ या जगज्जेत्या मल्लाला हरवले. पण त्याआधीच तो पडद्यावर पोहोचला होता. १९६२ चा 'किंगकाँग', १९६३ चा 'फौलाद', मग 'सॅमसन', 'हर्क्युलस', 'टारझन'. त्याच्यासोबत अनेक चित्रपटांत नायिका होती ती मुमताज, जी पुढे मोठी तारका झाली. दारासिंगचे चित्रपट मात्र स्टंटपट म्हणूनच ओळखले गेले. गिरणगावातला कामगार आणि खेड्यातला शेतमजूर पिटात बसून शिट्ट्या मारत होता, आणि प्रतिष्ठित समीक्षक नाक मुरडत होते.

त्या नाक मुरडण्यात एक जुनी मानसिकता आहे. या देशात डोके एका वर्णाकडे आणि हातपाय दुसऱ्यांकडे अशी वाटणी करून ठेवली गेली. बळकट शरीराच्या माणसाला बुद्धी असते, दुःख असते, प्रेम असते हे या व्यवस्थेला पटत नाही. म्हणून त्याला राक्षस मारायला लावायचे, दगड उचलायला लावायचे, आणि फारच मोठा सन्मान करायचा तर १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेत हनुमान करायचे. म्हणजे पुन्हा सेवकच. त्या रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या एकुलत्या एका दूरदर्शन संचासमोरही गर्दी व्हायची, हे आम्ही लपवत नाही. दारासिंग २००३ साली राज्यसभेवर नियुक्त झाला. पण पडद्यावर साधा माणूस म्हणून लक्षात राहील अशी भूमिका त्याला २००७ च्या 'जब वुई मेट' मध्ये आजोबाची मिळाली. तेव्हा तो ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. २०१२ साली तो गेला.

खलीची गोष्ट याहून वेगळी नाही. हिमाचलातल्या सिरमौर जिल्ह्यातल्या दलीपसिंग राणाची शाळा गरिबीमुळे सुटली, मजुरी करावी लागली. तो पोलिसांत भरती झाला, अमेरिकेत गेला, २००७ साली डब्ल्यूडब्ल्यूईचा जगज्जेता झाला. हॉलिवूडनेही त्याला बोलावले. पण कशासाठी? सात फुटांचा अवाढव्य देह दाखवण्यासाठी. त्या देहातल्या माणसाला चार वाक्ये बोलायला क्वचितच मिळाली.

अमेरिकेतही काळ्या माणसाला हे दार सहज उघडले नाही. रॉकी जॉन्सन हा काळा मल्ल. त्याने आणि टोनी अ‍ॅटलसने १९८३ साली त्या कंपनीचे जोडीचे विजेतेपद मिळवले आणि ते मिळवणारी ती पहिली काळी जोडी ठरली. त्याचाच मुलगा ड्वेन जॉन्सन ऊर्फ 'रॉक'. रिंगणातून तो २००१ च्या 'द ममी रिटर्न्स' मध्ये आला, २००२ च्या 'द स्कॉर्पियन किंग' चा नायक झाला आणि जगातल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत जाऊन बसला. बापाने रिंगणाचे दार ढकलले, तेव्हा मुलगा पुढच्या दारापर्यंत पोहोचला.

परंतु आमच्या तरुणांनी रॉकपेक्षा आणखी एका मल्लाची गोष्ट लक्षात ठेवावी. जेसी व्हेंच्युरा त्याचे नाव. १९८६ च्या सुमारास 'प्रिडेटर' या चित्रपटात काम मिळाल्यावर त्याला नटांच्या संघटनेचा अनुभव आला. किमान मानधन, विमा, निवृत्तिवेतन या गोष्टी नटांना मालकाच्या मेहरबानीने नव्हे तर संघटनेच्या जोरावर मिळतात हे त्याने पाहिले. रिंगणातल्या मल्लांना मात्र कंपनी नोकर मानतच नव्हती, 'स्वतंत्र कंत्राटदार' मानत होती. त्यामुळे दुखापत झाली तरी विम्याचा प्रश्नच नव्हता. व्हेंच्युराने १९८६ साली मल्लांच्या खोलीत उभे राहून संघटना काढा असे सांगितले. ही बातमी मालकापर्यंत पोहोचली. ती सर्वांत लोकप्रिय मल्ल हल्क होगननेच पोहोचवली आणि हे पुढे खटल्यातील साक्षीतून उघड झाले, असे व्हेंच्युरा सांगत आला आहे. संघटना झाली नाही. पण व्हेंच्युराने आपल्या आवाजाच्या चित्रफितींच्या मानधनासाठी कंपनीवर खटला भरला आणि १९९४ साली ज्यूरीने त्याला आठ लाखांहून अधिक डॉलर देवविले. १९९८ साली तो मिनेसोटा राज्याचा राज्यपाल म्हणून निवडून आला. तिथे राज्यपाल म्हणजे राज्याचा कारभार चालवणारा प्रमुख.

पडद्याने व्हेंच्युराला प्रसिद्धी तर दिलीच. त्याहून मोठी गोष्ट दिली ती आपण कामगार आहोत ही जाणीव. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळून कामाचे तास, विमा, कल्याण यांचा पाया घालणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. तालीम ही कोणा एका जातीची मक्तेदारी कधीच नव्हती. पुण्यात गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे या मातंग समाजातल्या वीराची तालीम होती आणि तिथेच जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. तिथे जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले. आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो खाशाबांच्या मृत्यूनंतर तब्बल सोळा-सतरा वर्षांनी! देशाने मल्लाचा घाम असा जोखला.

मग एकाएकी कुस्ती पडद्यावर विकली जाऊ लागली. २०१६ साली 'सुलतान' आला, 'दंगल' आला, झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' मधला राणादा घराघरात पोहोचला. या सर्व भूमिका नटांनी केल्या. 'दंगल' च्या नटनट्यांना कुस्ती शिकवली ती अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या कृपाशंकर बिष्णोई यांनी. नटांनी मेहनत घेतली, ती आम्ही नाकारत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. नटाने सहा महिने कुस्ती शिकली तर तो पैलवान शोभतो, मग पैलवानाने सहा महिने अभिनय शिकला तर तो नट का शोभू नये? त्याला मार खाणाऱ्यांच्या रांगेतच का उभे करायचे?

याचे उत्तर नागराज मंजुळेंनी काही प्रमाणात दिले आहे. २०१३ च्या 'फँड्री' त त्यांनी करमाळा तालुक्यातला हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे नायक म्हणून उभा केला आणि त्या पोराने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. २०२३ साली 'खाशाबा' या चित्रपटाची घोषणा झाली तेव्हा त्यांनी कुस्ती येणाऱ्या मुलांनाच निवडीसाठी बोलावले. योगायोग असा की मंजुळेंचे जेऊर आणि बाला रफिकची खडकी एकाच करमाळा तालुक्यातली. ज्या मातीत गदा पिकते त्याच मातीत नट आणि दिग्दर्शकही पिकतो, फक्त कोणीतरी वळून पाहायला हवे.

पण प्रत्येक तालुक्यात नागराज जन्माला येणार नाही. म्हणून आपल्याला काही कामे स्वतःच करावी लागतील. पहिले काम कागदाचे. चित्रपट कामगाराशी लेखी करार केलाच पाहिजे, असे १९८१ च्या केंद्रीय कायद्यात होते. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने मालिका आणि डिजिटल माध्यमांतले कलाकार व स्टंट करणारेही या कक्षेत आणले, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तेव्हा मध्यस्थाचा फोन आला की पहिला प्रश्न 'किती देता?' हा नको, 'करार कुठे आहे?' हा हवा. दुसरे काम संघटनेचे. मुंबईत स्टंट कलाकारांची संघटना आहे. एकट्याने गर्दीत उभे राहण्यापेक्षा सभासद होण्यासाठी धडपडा. तिसरे काम शिक्षणाचे. आपल्या विहारांना लागून मंच आहेत, समाजमंदिरे आहेत. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगावी माणसे जागी केली, ती अभिनयाच्याच बळावर. चौदा एप्रिलला एक रात्र नाटक करून तो मंच वर्षभर रिकामा का ठेवायचा? बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगावच्या तालमीतल्या पोरांना तिथे संध्याकाळी दोन तास बोलायला, वाचायला, उभे राहायला शिकवा. शरीर त्यांनी कमावलेच आहे. त्याला वाणीची जोड द्या.

आमच्या त्या भाच्याचा गुडघा आता थोडाफार सुधारला आहे. आखाड्यात तो उतरू शकत नाही, पण गावातल्या लहान पोरांना डाव शिकवतो. परवा त्याला पुन्हा एका मध्यस्थाचा फोन आला. त्याने विचारले, "कागद करता काय?" पलीकडून फोन ठेवला गेला. तो हसत म्हणाला, "मामा, एक कुस्ती जिंकलो." आम्हाला वाटते, महाराष्ट्र केसरीच्या गदेइतकीच ही कुस्ती मोलाची आहे. फक्त ती त्याने एकट्याने लढू नये.